होम्सला कंटाळलेला डॉक्टर

शेरलॉक होम्स हे नाव कधीच न ऐकलेला वाचक शोधून सापडणे कठीण. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि धनंजयवर ज्यांचे बालपण पोसले गेले, त्यांनाही पुढे केव्हा तरी, मराठी अनुवादातून म्हणा की मूळ इंग्रजीतून म्हणा, लंडनच्या बेकर स्ट्रीटवरचा तो उंच, सडपातळ, पाइप ओढणारा गृहस्थ भेटलेलाच असतो. त्या मानाने त्याला जन्म देणारे सर आर्थर कॉनन डॉयल आपल्या फारसे ओळखीचे नाहीत. ते पेशाने डॉक्टर होते, एवढेच फार तर आपण ऐकून असतो.

या डॉक्टरसाहेबांना आपल्याच मानसपुत्राचा इतका कंटाळा आला होता, की एके दिवशी त्यांनी त्याला सरळ धबधब्यात लोटून दिले. होम्समुळे आपले खरे साहित्य मागे पडते, अशी त्यांची आयुष्यभराची तक्रार होती. आणि तरीही, ज्या बारीक नजरेला ते निव्वळ करमणुकीची करामत समजत होते, तीच नजर वापरून त्यांनी मुंबईहून विलायतेला गेलेल्या एका पारशाच्या मुलाची गेलेली अब्रू परत मिळवून दिली. होम्सच्या साठ कथा-कादंबऱ्यांइतकीच ही हकीगतही वाचण्याजोगी आहे.

बापाचे व्यसन, आईच्या गोष्टी

आर्थर कॉनन डॉयल यांचा जन्म २२ मे १८५९ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. घराणे आयरिश, धर्माने कॅथलिक. आजोबा आणि काका लंडनमधले नावाजलेले चित्रकार. वडील चार्ल्स यांच्याही हातात चित्रकला होती, पण ते सरकारी बांधकाम खात्यात नोकरी करत आणि पगार दारूत जाई. पुढे व्यसन इतके वाढले की नोकरी सुटली आणि अखेरची वर्षे त्यांना वेड्यांच्या इस्पितळात काढावी लागली. तिथेही ते वहीत चित्रे काढीत बसत. त्या चित्रांत पऱ्या फार असत. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढे तिच्याकडे परत यायचे आहे.

घर सावरले ते आई मेरी यांनी. घरात पोरांचे लेंढार, पैशांची सदाची ओढाताण, घरी भाडोत्री ठेवून भागवलेला खर्च. पण या बाईंना वाचनाचे वेड होते आणि गोष्ट सांगण्याची हातोटी होती. चुलीपाशी उभे राहून त्या गोष्ट सांगू लागल्या आणि ऐन प्रसंगाला आवाज खाली आणला, की मुलांच्या अंगावर काटा उभा राही. गोष्ट कुठे थांबवायची हे डॉयल आईकडून शिकले. बहिणींनी पोर्तुगालमध्ये श्रीमंतांच्या घरी शिकवण्या धरल्या आणि पैसे घरी पाठवले. थोरल्या मुलाने डॉक्टर व्हावे आणि घर वर काढावे, असे ठरले.

१८७६ साली डॉयल एडिंबरोच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. शिकता शिकता कमाई व्हावी म्हणून ते कुणा ना कुणा डॉक्टरच्या हाताखाली राबत. १८८० साली तर देवमाशांची शिकार करणाऱ्या एका जहाजावर डॉक्टर म्हणून उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात जाऊन आले. परत आल्यावर त्यांनी मिळकतीची सोन्याची नाणी आपल्या कपड्यांच्या खिशाखिशांत लपवून ठेवली, आईला ती शोधून काढण्याची गंमत मिळावी म्हणून. ती रक्कम सुमारे ५० पौंडांची होती.

या महाविद्यालयात डॉ. जोसेफ बेल नावाचे शल्यविद्येचे अध्यापक होते. रोगी खोलीत पाऊल टाकतो न टाकतो तोच ते त्याचा धंदा, त्याचे गाव, तो कुठून आला हे सांगून मोकळे होत. एकदा साध्या कपड्यांतला एक माणूस आला. बेल यांनी त्याला पाहताच सांगितले, की हा नुकताच फौजेतून सुटलेला, स्कॉटिश पलटणीतला छोटा अधिकारी आहे आणि बार्बाडोस बेटावर होता. विद्यार्थी थक्क झाले. उलगडा ऐकला तर सगळे सोपे. माणूस अदबशीर होता, पण त्याने टोपी काढली नाही, म्हणजे फौजेतली सवय सुटलेली नाही. चेहऱ्यावर अधिकाराची थोडी झाक. आणि त्याला झालेला हत्तीरोग स्कॉटलंडचा नव्हे, वेस्ट इंडिजकडचा. डॉयल हे बेल यांच्या बाह्यरुग्ण विभागात कारकुनी करत होते. रोग्यांना आत सोडण्याआधी त्यांची माहिती टिपून ठेवायची, हे त्यांचे काम. प्रश्न विचारून आपल्याला जेवढे कळले, त्याहून जास्त डॉक्टरांना नुसत्या नजरेने कळते, हे ते रोज पाहत होते.

रात्री पाटी घासणारा डॉक्टर

१८८२ साली डॉयल पोर्ट्समथ शहराच्या साउथसी या भागात आले, तेव्हा त्यांच्या खिशात १० पौंडही नव्हते. एक घर भाड्याने घेतले, रोगी बसतील तेवढी पुढची खोली जुन्या बाजारातल्या सामानाने सजवली, मागच्या आणि वरच्या खोल्या तशाच उघड्या. दारावर पितळी पाटी लावली. नोकर ठेवायला पैसे नाहीत. आणि डॉक्टर स्वतः पाटी घासताना दिसले तर लोक काय म्हणतील? म्हणून ते रात्री अंधारात बाहेर येऊन पाटी लख्ख करत. पुढे धाकटा भाऊ इनेस सोबतीला आला. तो दहा वर्षांचाही नव्हता. रोगी आला की दार उघडण्याचे काम त्याच्याकडे.

रोगी मात्र बेताचेच. जवळच्या एका किराणा दुकानदाराला फेफरे येई. त्याच्या औषधाच्या मोबदल्यात घरात चहा आणि लोणी येई. पहिल्या वर्षाची कमाई १५४ पौंड झाली, आणि पुढे कधीही ती वर्षाला ३०० पौंडांच्या वर गेली नाही. कर भरण्याचा कागद आला तेव्हा आपले उत्पन्न कराइतके नाही, असे त्यांनी लिहून पाठवले. कर खात्याने हे फारच असमाधानकारक आहे असा शेरा मारून कागद परत केला. डॉक्टरसाहेबांनी या शेऱ्याशी आपण पूर्ण सहमत असल्याचे लिहून तो पुन्हा धाडून दिला.

रिकाम्या दवाखान्यात बसून बसून माणूस करणार काय? ते गोष्टी लिहू लागले. पहिली गोष्ट विद्यार्थिदशेतच, १८७९ साली छापून आली होती. पण मासिकांत त्या काळी लेखकाचे नाव नसे, त्यामुळे दहा गोष्टी लिहूनही कोणाला नाव ठाऊक होत नसे. पुस्तकाच्या कण्यावर नाव हवे, तर कादंबरी लिहिली पाहिजे, असे त्यांनी ठरवले. दरम्यान १८८५ साली लुईसा हॉकिन्स हिच्याशी लग्न झाले होते. तिचा भाऊ डॉयल यांचाच रोगी. मेंदूच्या विकाराने तो त्यांच्याच घरी वारला, आणि त्या दुःखातून ओळख वाढली होती.

१८८६ साली त्यांनी एक छोटी कादंबरी लिहिली. तोवरच्या गुप्तहेरांच्या कथांत गुन्हेगार बहुधा योगायोगाने सापडे. आपल्या नायकाने तो डॉ. बेल यांच्यासारखा पाहून, तर्काने शोधावा, ही यातली नवी कल्पना. टिपणवहीत नायकाचे नाव आधी शेरिनफोर्ड होम्स असे होते आणि मित्राचे ऑर्मंड सॅकर. नंतर ती नावे शेरलॉक होम्स आणि डॉ. वॉटसन अशी झाली. हा वॉटसन अफगाण युद्धासाठी निघालेला फौजी डॉक्टर. तो हिंदुस्थानात उतरतो तो मुंबई बंदरात, हे पुष्कळ वाचकांच्या लक्षात नसते.

हस्तलिखित प्रकाशकांच्या दारोदार फिरले. अखेर एका प्रकाशन संस्थेने सर्व हक्कांसह २५ पौंड देऊ केले, तेही छपाई वर्षभराने करण्याच्या बोलीवर. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. डॉयल यांनी ते मान्य केले. १८८७ च्या नाताळात एका वार्षिक अंकात 'अ स्टडी इन स्कार्लेट' छापली गेली. त्या पुस्तकाबद्दल त्यांना त्यानंतर एक पैही मिळाली नाही.

कोणी न वाजवलेली घंटा

१८९० च्या अखेरीस डॉयल यांनी नेत्ररोगांचा खास अभ्यास करायला व्हिएन्नाची वाट धरली आणि १८९१ च्या वसंतात लंडनमध्ये बड्या डॉक्टरांच्या वस्तीत डोळ्यांचा दवाखाना उघडला. पुढची खोली आणि रोग्यांच्या बसण्याच्या खोलीत हिस्सा, याचे भाडे वर्षाला १२० पौंड. रोज सकाळी बिऱ्हाडाहून पायी निघायचे, १० वाजता दवाखान्यात पोचायचे आणि दुपारी तीन-चारपर्यंत बसायचे. घंटा वाजवायला एकही रोगी आला नाही. लिहायला याहून चांगली जागा मिळणार नाही, असे त्यांनी पुढे आत्मचरित्रात गमतीने नोंदवले आहे.

त्याच वर्षी जानेवारीत 'स्ट्रँड' नावाचे सहा पेन्स किमतीचे, पानोपानी चित्रे असलेले मासिक निघाले होते. डॉयल यांना त्यात एक नेमकी अडचण आणि तिचा उपाय दिसला. मासिकात क्रमशः कादंबरी छापली आणि वाचकाचा एक अंक चुकला, की त्याचा धागा तुटतो. सुट्या गोष्टी छापल्या तर वाचक मासिकाशी बांधला जात नाही. मग नायक तोच ठेवावा, पण प्रत्येक अंकातली गोष्ट त्याच अंकात संपवावी. आज दूरदर्शनपासून सगळ्या वाहिन्यांवर हा प्रकार आपण इतका पाहतो, की तो कुणाला तरी सुचावा लागला असेल हे मनातही येत नाही. होम्सची पहिली लघुकथा १८९१ च्या जुलैच्या अंकात आली. सिडनी पॅजेट या चित्रकाराने होम्सला रूप दिले. ती प्रसिद्ध कानटोपी पॅजेट यांच्याच कुंचल्यातून आली.

मे महिन्यात डॉयल इन्फ्ल्यूएंझाने मरणाच्या दारात जाऊन आले. बरे होताना त्यांनी हिशेब केला. दवाखाना पैसे खात होता आणि लेखणी पैसे देत होती. त्यांनी डॉक्टरकी सोडली आणि लंडनच्या साउथ नॉरवुड या उपनगरात बिऱ्हाड केले.

त्यांची कामाची पद्धत नोकरदाराला शोभेल अशी होती. न्याहारीपासून दुपारच्या जेवणापर्यंत लिहायचे आणि पुन्हा संध्याकाळी पाच ते आठ. दिवसाला सरासरी ३ हजार शब्द. प्रतिभेची वाट पाहत बसणे नाही. गोष्टीचा शेवट आधी पक्का करायचा आणि मग सुरुवातीकडे येत, तो शेवट वाचकापासून झाकत झाकत लिहायचे. एका गोष्टीला कादंबरीइतकीच नवी कल्पना लागते आणि दर महिन्याला ती हवी, हे त्यांचे खरे दुखणे होते. तपशिलांत चुका होत. वॉटसनला युद्धात लागलेली गोळी एका कथेत खांद्यात आहे, तर दुसरीत पायात. घोड्यांच्या शर्यतीवरची एक कथा वाचून त्या विषयातल्या जाणकाराने शेरा मारला, की यात लिहिले आहे तसे कोणी वागले तर निम्मे लोक तुरुंगात जातील. डॉयल यांना त्याचे फारसे वाईट वाटत नसे. कथेचा वेग महत्त्वाचा, असे त्यांचे मत होते.

पहिल्या कथांना सरासरी ३५ पौंड मिळाले. मासिकाने आणखी मागितल्या तेव्हा त्यांनी सुटका व्हावी म्हणून कथेला ५० पौंड सांगितले. ते लगेच कबूल झाले. पुढच्या वेळी डझनाला हजार पौंड सांगितले, तेही कबूल! पैसे मिळत होते, पण मन लागत नव्हते. त्यांना लिहायच्या होत्या ऐतिहासिक कादंबऱ्या. त्यासाठी ते शेकडो ग्रंथ वाचत. आपले नाव राहील ते त्या कादंबऱ्यांमुळे, अशी त्यांची खात्री होती. १८९१ च्या नोव्हेंबरातच त्यांनी आईला कळवले, की होम्सला संपवून टाकावे म्हणतो. आईने ते होऊ दिले नाही. उलट पुढच्या कथेसाठी एक कल्पनाच सुचवून पाठवली. मातोश्रींच्या शब्दावर होम्सला दोन वर्षांचे आयुष्य मिळाले.

धबधबा

१८९३ च्या उन्हाळ्यात डॉयल पत्नीसह स्वित्झर्लंडला गेले असताना त्यांनी रायशेनबाखचा प्रचंड धबधबा पाहिला. जागा मनात भरली. घरी आल्यावर, त्याच हिवाळ्याच्या तोंडाशी, दोन आघात झाले. लुईसाला क्षय झाल्याचे निदान झाले. ती काही महिन्यांचीच सोबती आहे असे डॉक्टरांनी सांगितले. ऑक्टोबरात वेड्यांच्या इस्पितळात वडील वारले. आणि डिसेंबरच्या अंकात होम्स त्या धबधब्यात कोसळला.

लंडनमध्ये हाहाकार उडाला. सुमारे २० हजार वाचकांनी मासिकाची वर्गणी बंद केली, असे सांगतात. शिव्याशापांची पत्रे आली. एका काल्पनिक माणसासाठी लोक रडत होते. त्यांना काय ठाऊक, की लेखकाच्या घरी खरेखुरे मरण उंबऱ्याशी बसले आहे! ज्या नवऱ्याने डॉक्टरीचा अभ्यास केला, त्याला आपल्या बायकोचा आजार वेळीच दिसला नाही, ही बोच लहान नव्हे. डॉयल तिला घेऊन स्वित्झर्लंडच्या थंड, कोरड्या हवेत राहिले, इजिप्तला नेले आणि शेवटी १८९७ साली सरे परगण्यात हिंडहेडच्या उंचावर, तिला हवा मानवेल अशी जागा निवडून घर बांधले. महिन्यांची मुदत मिळालेली लुईसा आणखी तेरा वर्षे जगली. मधल्या काळात डॉयल यांचे मन जीन लेकी नावाच्या तरुणीत गुंतले होते, पण लुईसा असेपर्यंत त्यांनी तिची सेवा सोडली नाही आणि हे तिला कळूही दिले नाही.

या वर्षांत ते स्वस्थ बसले नव्हते. १९०० साली बोअर युद्धात दक्षिण आफ्रिकेच्या फौजी इस्पितळात विषमज्वराने पटापट मरणाऱ्या शिपायांची शुश्रूषा केली. ब्रिटिश बाजूचे समर्थन करणारी पुस्तिका लिहिली. १९०२ साली सर ही पदवी मिळाली ती मुख्यतः त्यामुळे. साम्राज्याविषयीचा त्यांचा भाबडा अभिमान आपल्याला पटण्याजोगा नाही, हे सांगितलेच पाहिजे. दरम्यान 'हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' या कादंबरीत होम्स पुन्हा दिसला, पण ती मृत्यूआधीची जुनी हकीगत म्हणून. १९०३ साली अमेरिकन मासिकाने थैलीच सोडली, तेव्हा होम्स धबधब्यात पडलाच नव्हता, असा खुलासा करून त्यांनी त्याला परत आणले.

मुंबईच्या पारशाचा मुलगा

४ जुलै १९०६ रोजी लुईसा गेली. डॉयल खचले. झोप लागेना, लेखणी चालेना. अशा वेळी, वर्षाच्या अखेरीस, टपालातून वर्तमानपत्रांच्या कात्रणांचे एक पुडके आले. पाठवणाऱ्याचे नाव होते जॉर्ज एडलजी.

जॉर्जचे वडील शापुरजी एडलजी हे मूळचे मुंबईचे पारशी. ख्रिस्ती धर्म स्वीकारून ते इंग्लंडला गेले, इंग्रज बाईशी लग्न केले आणि १८७६ पासून स्टॅफर्डशर परगण्यातील ग्रेट वर्ली या गावचे धर्मगुरू झाले. खाणकामगार आणि शेतकऱ्यांच्या त्या गावात काळसर वर्णाचा माणूस चर्चच्या व्यासपीठावर उभा राहतो, हे काहींच्या डोळ्यांत खुपत असावे. घरी वर्षानुवर्षे घाणेरडी निनावी पत्रे येत. जॉर्ज हुशार आणि अबोल. तो बर्मिंगहॅममध्ये सॉलिसिटर झाला आणि रेल्वेच्या कायद्यावर त्याने सामान्य प्रवाशांसाठी पुस्तकही लिहिले.

१९०३ साली गावात विचित्र प्रकार सुरू झाले. रात्री कोणी तरी घोडे, गाई, मेंढ्या यांची पोटे फाडू लागले. निनावी पत्रांचा पाऊस पडला. १८ ऑगस्टच्या सकाळी एक तट्टू रक्तात सापडले आणि पोलिसांनी २७ वर्षांच्या जॉर्जला पकडले. त्याच्या कोटावर तट्टाचे केस होते, बुटांना चिखल होता, घरात डागाळलेले वस्तरे होते आणि पत्रांतले अक्षर त्याचेच असल्याचे हस्ताक्षरतज्ज्ञाने सांगितले. सात वर्षे सक्तमजुरी झाली. सॉलिसिटरची सनद गेली. जॉर्ज तुरुंगात असतानाही जनावरांवरचे हल्ले थांबले नाहीत, तरी कोणाला त्याचे काही वाटले नाही. सुमारे १० हजार लोकांनी सह्या करून अर्ज केला. तीन वर्षांनी, १९०६ च्या ऑक्टोबरात, काही कारण न देता त्याला सोडण्यात आले. पण निर्दोष म्हणून नव्हे. सुटलेला कैदी म्हणून.

जानेवारी १९०७ मध्ये लंडनच्या एका हॉटेलात भेट ठरली. डॉयल यांना यायला थोडा उशीर झाला. आत शिरताच त्यांना एक सावळा तरुण वर्तमानपत्र वाचताना दिसला. कागद डोळ्यांच्या अगदी जवळ धरलेला, आणि तोही किंचित तिरका. ज्या डोळ्यांच्या दवाखान्यात कधी रोगी आला नव्हता, त्या दवाखान्याची विद्या त्या क्षणी कामी आली. हा तीव्र ऱ्हस्वदृष्टीचा माणूस, शिवाय बुबुळाच्या गोलाईत दोष. मग काळोख्या, पावसाळी रात्री, अर्धा मैल शेते आणि कुंपणे तुडवत, रेल्वेचे रूळ ओलांडत, गस्तीच्या पोलिसांना चुकवत जाऊन हा माणूस जनावराचे पोट फाडून परत आला, यावर कोणी विश्वास कसा ठेवला? डोळ्यांच्या तज्ज्ञाकडून त्यांनी तपासणी करून घेतली. निदान खरे ठरले.

मग डॉयल स्वतः ग्रेट वर्लीला गेले. शेतातून चालून पाहिले, कागद वाचले, एकेक पुरावा हाती घेऊन पाहिला. बुटांवरचा चिखल काळा होता. ज्या शेतात तट्टू सापडले तिथली माती पिवळसर, रेताड. वस्तऱ्यांवरचे डाग रक्ताचे नव्हते, गंजाचे होते. कोटावरचे केस? कोट पोलिसांनी नेला तेव्हा त्यावर केस नव्हते, असे आईवडील शपथेवर सांगत होते; आणि तपासणीसाठी मेलेल्या तट्टाच्या कातड्याचा तुकडाही पोलिसांनीच कापून नेला होता. हस्ताक्षराचा तज्ज्ञ तर असा, की ॲडॉल्फ बेक नावाच्या दुसऱ्या एका निरपराध माणसाला त्याच्याच साक्षीने तुरुंग घडला होता. शिवाय जॉर्ज त्या रात्री वडिलांच्याच खोलीत झोपला होता, आणि म्हातारा रोज दाराला आतून कुलूप लावत असे.

११ आणि १२ जानेवारी १९०७ रोजी 'डेली टेलिग्राफ'मध्ये हे सारे छापून आले. होम्सच्या एकेका कथेसाठी ज्यांच्यापुढे मासिके थैल्या रित्या करत, त्या लेखकाने या लेखांवर कोणताही हक्क ठेवला नाही. ज्याला छापायचे त्याने खुशाल छापावे, असे जाहीर केले. त्या वर्षाचे कित्येक महिने त्यांनी या कामाला दिले. सरकारने चौकशी समिती नेमली. मे महिन्यात निकाल आला: जनावरांच्या बाबतीत जॉर्जला माफी, पण काही पत्रे त्यानेच लिहिली असावीत असा ठपका ठेवून नुकसानभरपाई नाही. न केलेल्या गुन्ह्याची माफी, आणि वर हा डाग! डॉयल संतापले. मात्र त्यांच्याही हातून थोडा अतिरेक झाला. त्यांनी खऱ्या गुन्हेगाराचे म्हणून गावातल्या एका माणसाचे नाव सरकारला कळवले, आणि त्याच्याविरुद्धचा पुरावा काही होम्सला शोभेल असा नव्हता. जे जॉर्जच्या वाट्याला आले, तेच दुसऱ्या कुणाच्या वाट्याला यायला वेळ लागला नसता.

तरीही दोन गोष्टी घडल्या. जॉर्जला सनद परत मिळाली. आणि बेक व एडलजी या प्रकरणांनी उठलेल्या गदारोळामुळे १९०७ साली इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलाचे न्यायालय स्थापन करणारा कायदा झाला. तोपर्यंत शिक्षा झालेल्या माणसाला दाद मागायला खऱ्या अर्थाने दारच नव्हते. त्याच वर्षी १८ सप्टेंबरला डॉयल यांनी जीन लेकीशी लग्न केले. त्या समारंभात पाहुण्यांमध्ये एक सावळा, तरुण सॉलिसिटर होता.

पुढे ग्लासगोच्या ऑस्कर स्लेटर या जर्मन ज्यू माणसासाठी ते असेच झगडले. १९०९ साली त्याला एका वृद्ध बाईच्या खुनाबद्दल फाशी सुनावली गेली आणि नंतर ती जन्मठेपेत बदलली. स्लेटर जुगारी, आवडावा असा माणूस नव्हता. पण खुनी नव्हता. १९१२ साली डॉयल यांनी त्याच्यावर पुस्तिका लिहिली. काही उपयोग झाला नाही. १९२५ साली सुटलेल्या एका कैद्याने स्लेटरची चिठ्ठी तोंडात लपवून बाहेर आणली, आणि डॉयल पुन्हा उभे राहिले. १८ वर्षांहून अधिक तुरुंगवासानंतर १९२७ साली स्लेटर सुटला. १९२८ साली त्याची शिक्षा रद्द झाली. नंतर खर्चाच्या रकमेवरून दोघांचे भांडणही झाले. ज्याच्यासाठी झटावे तो कृतज्ञ असेलच असे नाही; पण डॉयल यांनी त्याचे उपकार मिळावेत म्हणून ते केले नव्हते.

डोळे मिटले तेव्हा

अशा या चिकित्सक माणसाने उतारवयात पऱ्यांवर विश्वास ठेवला, हे ऐकून आजही लोक हसतात. पण आधी त्यांच्या घराकडे पाहिले पाहिजे. पहिल्या महायुद्धात जखमी झालेला थोरला मुलगा किंग्जली १९१८ च्या ऑक्टोबरात साथीच्या तापाने गेला. चार महिन्यांत भाऊ इनेस गेला. साउथसीच्या घराचे दार उघडणारा तोच तो पोरगा. मृतात्म्यांशी बोलता येते यावर डॉयल यांचा विश्वास आधीच बसला होता. आता तोच त्यांचा धर्म झाला. देशोदेशी व्याख्याने देत ते फिरले आणि त्यात वेळ आणि पैसा ओतला. यॉर्कशरच्या कॉटिंग्ली गावात १६ आणि ९ वर्षांच्या दोन मुलींनी १९१७ साली पऱ्यांची छायाचित्रे काढली होती. डॉयल यांनी ती खरी मानून १९२० साली 'स्ट्रँड'मध्येच लेख लिहिला आणि पुढे पुस्तकही काढले. त्या कागदाच्या आकृत्या टोपीच्या टाचण्यांनी उभ्या केल्या होत्या, हे त्या बायकांनी म्हातारपणी, १९८३ साली, कबूल केले.

होम्सने ती छायाचित्रे एका नजरेत निकालात काढली असती. पण होम्सला मुलगा नव्हता, आणि त्याचा बाप वेड्यांच्या इस्पितळात पऱ्या रेखाटत मेला नव्हता. दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहताना डॉयल यांची नजर लखलखीत राही. स्वतःच्या दुःखापुढे ती मिटली. आपल्यापैकी कितीजणांचे वेगळे होते?

१९२७ साली होम्सची शेवटची कथा आली. चार कादंबऱ्या आणि ५६ कथा, असा हा चाळीस वर्षांचा संसार. ७ जुलै १९३० रोजी ससेक्समधील क्रोबरो येथील घरी डॉयल यांचे निधन झाले. ज्या ऐतिहासिक कादंबऱ्यांसाठी ते होम्सचा जीव घ्यायला निघाले होते, त्या आज फार थोडे लोक वाचतात. लुईसासाठी बांधलेल्या हिंडहेडच्या घरात २०१६ पासून विशेष गरजा असलेल्या मुलांची शाळा भरू लागली. बेकर स्ट्रीटच्या पत्त्यावर होम्सच्या नावाने जगभरातून पत्रे येत राहिली, आपली अडचण सोडवून द्या म्हणून.

जॉर्ज एडलजी पुढे सॉलिसिटर म्हणून काम करत राहिला. त्याने लग्न केले नाही. अखेरच्या काळात तो बहिणीसोबत राहत होता. डॉयल यांच्यानंतर तेवीस वर्षांनी, १९५३ साली, तो वारला. नुकसानभरपाई त्याला कधीच मिळाली नाही. पण वकिलांच्या यादीत त्याचे नाव शेवटपर्यंत होते.